उष्ट्या हवेतला प्राणवायू

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य घोकलेलं आहे : आपण प्राणवायू आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. पण हे वाक्य डोक्यात इतकं घट्ट बसतं की, श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास द्यायची वेळ आली की मनात पहिली शंका तीच येते. मी सोडलेली हवा म्हणजे उष्टी हवा, त्यात त्याच्या कामाचं काय उरलं असणार? मी बावीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. आता शाळांमधून आणि बचत गटांच्या बैठकांमधून प्रथमोपचार शिकवते. मागच्या वर्षी आमच्याच गावच्या शाळेत सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने नेमकं हेच विचारलं, "सिस्टर, आपण तर घाण हवा सोडतो ना?"

मी तिला फळ्यावर आकडे लिहून दाखवले. बाहेरच्या हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. आपण सोडतो त्या हवेत तो १६ ते १७ टक्के उरतो. म्हणजे एका श्वासातून शरीर काढून घेतं ते चार-पाच टक्केच. पानात एकवीस घास वाढले आणि माणूस चार-पाच खाऊन उठला, तर बाकीचे पानातच राहणार ना? शिवाय आणखी एक गोष्ट. नाकापासून फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांपर्यंत जाणाऱ्या नळ्यांमध्ये, मोठ्या माणसात, साधारण दीडशे मिलिलिटर हवा नुसती भरून राहते. तिच्यातल्या प्राणवायूला कुणी हातही लावलेला नसतो. श्वास सोडताना आधी तीच बाहेर येते. त्यामुळे तुम्ही समोरच्याच्या तोंडात फुंकता तेव्हा सगळ्यात पुढे आणि सगळ्यात खोल जाते ती ही कोरी हवा. कार्बन डायऑक्साइड म्हणाल तर सोडलेल्या हवेत तो चार टक्क्यांच्या आसपास असतो. मरणाच्या दारातल्या माणसाला तेवढ्याने धोका नाही. त्याला धोका आहे तो हवाच न मिळण्याचा.

त्या मुलीची शंका बाळबोध नव्हती. मोठमोठे विद्वान तिथेच अडखळले होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७४० सालीच सांगितलं होतं की बुडालेल्याला तोंडाने श्वास द्यावा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालवेच कालवे, माणसं सारखी पाण्यात पडायची. तिथे १७६७ मध्ये बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी एक संस्थाच निघाली. पुढे काही वर्षांतच प्राणवायूचा शोध लागला, आणि त्यासोबत ही समजूतही आली की सोडलेली हवा म्हणजे वापरून संपलेली हवा. झालं. तोंडाने श्वास देणं मागे पडलं आणि लोहाराकडे असतात तसे भाते आले. नंतर तर माणसाला पालथं किंवा उताणं घालून, हात वर-खाली करून, पाठ दाबून श्वास चालवायच्या पद्धती रूढ झाल्या. त्या जवळपास शंभर वर्षं शिकवल्या गेल्या.

हे चित्र बदललं ते १९५० च्या दशकात. जेम्स एलम या अमेरिकी डॉक्टरने दाखवलं की सोडलेल्या हवेवर माणसाच्या रक्तातला प्राणवायू व्यवस्थित टिकतो. मग बाल्टिमोरमध्ये पीटर साफार या भूलतज्ज्ञाने स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना गुंगीचं औषध दिलं, वर कुरारे दिलं. कुरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावायचे ते विष. त्याने सगळे स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. मग त्याने डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना सांगितलं, आता यांना तुमच्या तोंडाने श्वास द्या. ते देऊ शकले. पाठ दाबायच्या आणि हात उचलायच्या जुन्या पद्धतींत मात्र कित्येकदा हवा आत जातच नव्हती, कारण निपचित पडलेल्या माणसाची जीभ मागे पडून घसा बंद झालेला असायचा. डोकं मागे करून हनुवटी उचलली की रस्ता मोकळा. हे निष्कर्ष १९५८ मध्ये छापून आले. छाती दाबून हृदय चालवायची पद्धत १९६० ची, म्हणजे त्याच्यानंतरची. आज सी.पी.आर., म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास हाता-तोंडाने चालवायचा उपाय, म्हटलं की लोकांना फक्त छाती दाबणं आठवतं, म्हणून हा क्रम मी मुद्दाम सांगते.

छाती दाबणं महत्त्वाचं आहेच. पण कुणाला आधी काय लागतं हे कळायला हवं. गावात मी ते विहिरीच्या मोटरवरून सांगते. शरीरातलं रक्त ही विहीर, त्यातला प्राणवायू हे पाणी, हृदय ही मोटर. पन्नाशीचा माणूस बसल्या जागी छातीवर हात ठेवून कोसळला, तर विहीर भरलेली आहे आणि मोटर बंद पडली आहे. क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत होता, रक्तात प्राणवायू आहे. तिथे मोटर हाताने चालवायची, म्हणजे लगेच छाती दाबायची. पहिली काही मिनिटं नुसतं तेवढंही चालतं. बुडालेल्या मुलाचं याच्या उलट असतं. त्याची मोटर धडधाकट आहे, विहीर कोरडी पडली आहे. श्वास थांबला, रक्तातला प्राणवायू संपत गेला, तरी हृदय काही काळ चालूच असतं. मग ते मंद होतं आणि शेवटी थांबतं. कोरडी चाललेली मोटर जळते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. या मुलाची नुसती छाती दाबत राहिलात तर तुम्ही प्राणवायू नसलेलं रक्तच फिरवत राहता. त्याला आधी श्वास हवा. मोटर जळायच्या आत तो मिळाला, तर कधीकधी दोन-चार श्वासांतच मूल खोकतं आणि स्वतः श्वास घ्यायला लागतं.

बुडालेले, गळफास लागलेले, घशात काही अडकून गुदमरलेले, विषारी नाग-मण्यार चावलेले, जन्मल्यावर न रडलेली बाळं आणि एकंदरच लहान मुलं, हे सगळे कोरड्या विहिरीतले. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. ही चार-सहा मिनिटं विहिरीच्या काठावरच जातात, दवाखान्याच्या दारात नाही.

आपल्याकडे सामान्य लोकांना जे शिकवलं जातं त्यात बहुधा श्वास नसतोच. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये देशासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत सामान्य माणसाने फक्त छाती दाबावी, मिनिटाला १२० वेळा, असं सांगितलं आहे. त्यामागचा विचार मला पटतो. तोंडाला तोंड लावायच्या संकोचाने लोक काहीच करत नाहीत, त्यापेक्षा निदान छाती तरी दाबतील. अनोळखी माणूस रस्त्यात कोसळला तर तेवढंच करा, निःशंक करा. पण ज्या गावात विहिरी आणि शेततळी आहेत, ज्या घरात लहान मूल आहे, तिथे श्वास द्यायला शिकवलं नाही तर ते शिक्षण अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे.

हे मत कुठून आलं ते सांगते. नाशिक जिल्ह्यात आमच्या भागात गावागावात शेततळी झाली. द्राक्षाला, डाळिंबाला उन्हाळ्यात त्यांचाच आधार. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि काठ उताराचा. एकदा आत घसरलं की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही सापडतच नाही. एका मे महिन्यात दुपारी नऊ वर्षांचा एक मुलगा असाच आत गेला. लोक धावले, दोर टाकून एकजण उतरला, मुलाला वर काढलं. मग त्याला पाय धरून उलटा टांगला. पोटावर दाबलं. पाठीत थापट्या मारल्या. तोंडातून पाणी आलं तसं लोक म्हणाले, निघालं, निघालं. मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून चौदा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. मी त्या दिवशी गावात नव्हते. हे सगळं मला त्याच्या आईने सांगितलं. दर वेळी ती तिथेच येऊन थांबते, "पाणी तर सगळं काढलं होतं ओ ताई."

पाणी काढलं होतं ते पोटातलं. बुडताना माणूस पाणी गिळतो, ते पोटात जातं. फुप्फुसांत शिरलेलं पाणी बहुतेक वेळा थोडंच असतं. ते उलटं टांगून बाहेर येत नाही आणि श्वास द्यायला त्याची अडचणही होत नाही. पोट दाबल्याने उलटी होते आणि ती मोकळ्या पडलेल्या घशातून फुप्फुसात उतरते, म्हणजे आधी नव्हता तो त्रास आपण तयार करतो. आणि त्या खटाटोपात एक-एक मिनिट जातं. त्या लोकांनी जीव तोडून धावपळ केली होती, त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून ते दुपारचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून आता नीट सांगते की काय करायचं असतं.

मुलाला पाण्याबाहेर काढलं की लगेच टणक, सपाट जमिनीवर उताणं ठेवा. मांडीवर नको, खाटेवर नको. हाक मारा, खांदे हलवा. हालचाल नाही? छातीकडे बघत, कान नाकाशी नेऊन जास्तीत जास्त दहा सेकंद अंदाज घ्या. श्वास नसेल तर दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा, पण हात थांबवू नका.

आता डोकं. एक हात कपाळावर ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली लावा. कपाळ मागे ढकला, हनुवटी वर उचला. हनुवटीखालच्या मऊ भागात बोटं रुतवू नका, तिथे दाबलं की जीभच वर ढकलली जाते. कपाळावरच्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने नाक चिमटीत धरा. तोंड पूर्ण उघडून त्याच्या तोंडाभोवती असं बसवा की फट राहणार नाही. आधी छातीभर हवा ओढून घ्यायची गरज नाही, नेहमीसारखा श्वास घ्या आणि एक सेकंदभर फुंका. फुंकताना डोळे तिरके करून छातीकडे बघत राहा. छाती उचलली की बस. तोंड बाजूला घ्या, छाती खाली बसू द्या, मग दुसरा श्वास.

किती हवा? मोठ्या माणसाला साधारण अर्धा लिटर, पाण्याच्या लहान बाटलीत मावेल एवढी. मुलाला त्याहून कमी. माप छातीच सांगते. नवखा माणूस घाबरून फुगा फुगवल्यासारखं जोरात फुंकतो. मग जादा हवा अन्ननलिकेतून पोटात जाते, पोट फुगतं आणि उलटी येते.

शाळेतल्या त्या वर्गात मी सरावाची बाहुली नेली होती. या बाहुल्यांची मूळ बाहुली नॉर्वेतल्या आस्मुंड लार्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने १९६० मध्ये तयार केली. तिचा चेहरा पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. मुलं रांगेत उभी राहिली. प्रत्येकानंतर मी बाहुलीचं तोंड स्पिरिटने पुसत होते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीची पाळी आली. तिने नाक धरलं, तोंड लावलं, फुंकलं. गाल फुगले, छाती मात्र जागची हलली नाही. पुन्हा फुंकलं, पुन्हा काही नाही, उलट ओठांच्या कडेने फुर्र आवाज आला. मी काही बोलले नाही. ती मागे सरली, बाहुलीकडे थोडा वेळ बघत राहिली, मग कपाळावरचा हात जरासा दाबून डोकं आणखी मागे केलं. दोन बोटं असेल, तेवढंच. मग फुंकलं तर बाहुलीचा शर्ट छातीवर हळूच वर आला आणि खाली बसला. तोंड न पुसताच ती म्हणाली, "सिस्टर, गेली."

तेवढ्या दोन बोटांवर सगळं असतं. छाती उचलली नाही तर जोर वाढवायचा नाही, डोकं पुन्हा नीट करायचं. तरीही हवा जात नसेल तर तोंड उघडून बघा. काही अडकलेलं दिसलं तर काढा, दिसत नसेल तर उगाच बोटं घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. दोन प्रयत्नांच्या वर वेळ घालवू नका, छाती दाबायला लागा.

बुडालेल्याला सुरुवातीचे श्वास युरोपातल्या सूचनांप्रमाणे पाच, अमेरिकेतल्या सूचनांप्रमाणे दोन द्यायचे असतात. या फरकाने गोंधळून जाऊ नका, दोन नीट गेले तरी पुष्कळ. तेवढ्याने मूल हललं नाही, खोकलं नाही, तर छातीच्या मधोमध हाडावर तळहाताची टाच ठेवून तीस वेळा दाबा. मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने. मुलात छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. मग दोन श्वास. मग पुन्हा तीस. दोन श्वासांसाठी दहा सेकंदांहून जास्त थांबू नका. मध्येच उलटी होणार, बुडालेल्यांत ती होतेच. घाबरू नका, अख्खा देह कुशीवर वळवा, तोंड पुसा, पुन्हा उताणा करून पुढे चालू. श्वास सुरू होईपर्यंत किंवा १०८ ची माणसं येऊन हातात घेईपर्यंत हे सोडायचं नाही. थकलात तर दुसऱ्याला बसवा. नाडी शोधायच्या फंदात सामान्य माणसाने पडूच नये, घाबरलेल्या हाताला ती सापडत नाही. हृदय चालू असताना चुकून छाती दाबली गेली तरी फारसं नुकसान होत नाही, पण दाबायला हवी होती आणि दाबली नाही तर सगळंच जातं.

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी तीन गोष्टी वेगळ्या. बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही तुमच्या तोंडात मावतात, दोन्हीभोवती तोंड बसवा आणि गालात मावेल एवढीच हवा द्या, छातीतून नाही. आणि डोकं फार मागे करू नका. बाळाच्या डोक्याचा मागचा भाग मोठा असतो, त्यामुळे उताणं ठेवलं की मान पुढे मुडपते. खांद्याखाली टॉवेलची पातळ घडी सारली की चेहरा सरळ आकाशाकडे होतो. छाती दोन्ही हातांनी कवेत धरून दोन अंगठ्यांनी दाबायची, किंवा एका तळहाताच्या टाचेने.

आता एका शब्दाबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे म्हणतात, ऊर्ध्व लागलाय. किंवा घरघर लागली. मध्येच एखादा मोठा, आचके दिल्यासारखा श्वास, जबडा हलतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजोबांना ऊर्ध्व लागला तर घरातली माणसं जवळ बसतात, तोंडात गंगाजल घालतात, तुळशीचं पान ठेवतात. ते त्यांचं जाणं आहे, त्यात कुणी ढवळाढवळ करू नये. पण चाळिशीचा धडधाकट माणूस आत्ता कोसळला आणि त्याला असे आचके येत असतील, तर तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळातून निघणारी ती शेवटची धडपड असते. लोक फसतात ते दोन बाजूंनी. काहीजण म्हणतात, श्वास चालू आहे, आणि हात बांधून उभे राहतात. काहीजण म्हणतात, गेला, आणि चमच्याने पाणी पाजायला लागतात. निपचित माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी थेट श्वासनलिकेत जातं. चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाशी धरणं यातही वेळच जातो. आचके म्हणजे श्वास नाही, एवढं समजून लगेच कामाला लागायचं.

साफारच्या त्या कुरारेकडे परत येते, कारण तेच नाटक आपल्या घरात वेगळ्या नावाने घडतं. मण्यार रात्री येते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, आणि दात इतके बारीक की कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून माणूस उठतो. मग पापण्या जड होतात, एकाला दोन दिसतं, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. मण्यारीचं आणि नागाचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. कुरारेही तेच करतं. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हृदय चालू असतं, आणि माणूस शुद्धीवरही असू शकतो. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण आजूबाजूची रडारड त्याला ऐकू येत असते. अशा माणसाला गेला म्हणून सोडून देणं किती भयंकर आहे याचा विचार करा.

यावर प्रतिविष आहे आणि ते लवकरात लवकर मिळायला हवं. पण लुळे पडलेले स्नायू पुन्हा चालू व्हायला तास लागतात, कधी दिवस लागतात. तोवर त्याचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. दवाखान्यात ते काम व्हेंटिलेटर करतो, रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि दोन्ही नसतील तेव्हा तोंड. श्वास थांबला आहे पण हृदय नक्की चालू आहे, हे जाणकाराने तपासलं असेल तर मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास पुरतो. लहान मुलाला दर दोन-तीन सेकंदांनी एक. वाटेत नातेवाइकाच्या हातात अँब्यू बॅग द्यायची वेळ आली तर हा आकडा लक्षात ठेवा. घाईने भराभर दाबू नका. आणि कंटाळूनही जाऊ नका. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, शेकड्यांनी माणसांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले आणि यंत्रं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून साधारण दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, हाताने पिशवी दाबत राहिले. अतिदक्षता विभाग ही कल्पना त्यातूनच रुजली.

आपल्या जवळचं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांत, बाळंतपणं घरीच होत होती त्या काळात, न रडणाऱ्या बाळांना श्वास द्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. आधी सुइणी तोंडाने द्यायच्या, मग नळी आणि मास्क आले, मग लहानशी अँब्यू बॅग. फार न शिकलेली आरोग्यदूत बाई सुईणीच्या सोबतीला आली, आणि जन्मताना गुदमरल्यामुळे होणारे बाळांचे मृत्यू, एकटी सुईण असतानाच्या तुलनेत, ६५ टक्क्यांनी घटले. बॅग सगळ्यात चांगली ठरली. हे काम मी शिकवताना दर वेळी सांगते, कारण समोर बसलेल्या बायका आधी म्हणतात, हे डॉक्टर लोकांचं काम. बाळ जन्मून मिनिटभरात रडलं नाही, अंग कोरडं करून पाठ चोळल्यावरही श्वास घेतला नाही, तर त्याला त्या मिनिटातच हवा पाहिजे असते. डॉक्टर येईपर्यंत ते थांबू शकत नाही.

राहिला प्रश्न भीतीचा. तोंड लावल्याने रोग लागेल का? शक्यता अगदी कमी आहे, पण शून्य नाही. झडप असलेला खिशात मावणारा मास्क मिळतो, शाळेत, ग्रामपंचायतीत, पोहण्याच्या तलावावर तो असायलाच हवा. रुमाल टाकून फुंकण्याने मनाचं समाधान होतं, संरक्षण फारसं होत नाही. मास्क नाही आणि मन धजत नाही, तर छाती तरी दाबा. आपलं स्वतःचं मूल असेल तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही, हेही मी पाहिलं आहे.

तोंड लावू नये अशाही जागा आहेत. कीटकनाशक प्यायलेल्या किंवा फवारताना विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला, अंगाला, कपड्यांना ते औषध लागलेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले ते आपल्याला आठवत असेल. तिथे हातमोजे घालून कपडे काढा, अंग धुवा, श्वास द्यायचा तो बॅगनेच. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह तोडा. आणि जुनी विहीर, शौचालयाची टाकी, गटाराचा मेनहोल यांत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरू नका. आत प्राणवायू नसतो किंवा विषारी वायू साठलेला असतो. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे एकाच घरातले तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दोराने बाहेर ओढा, अग्निशमन दलाला बोलवा, श्वास मोकळ्या हवेत आणल्यावर.

शेततळ्यातही तेच. पोहता येत असलं तरी उडी मारू नका. साडी, दोर, बूच लावलेला रिकामा पाच लिटरचा डबा, जे हाताशी असेल ते फेका.

हे सगळं वाचून येत नाही, हाताला लागतं. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स यांचे वर्ग असतात, अर्धा दिवस पुरतो. आणि एकदा शिकून भागत नाही. सहा महिन्यांत हात विसरतो, डोकं किती मागे करायचं हेच आधी विसरतं. म्हणून मी आमच्या गावात दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलमध्ये, मुलांना सुट्ट्या लागायच्या आधी, एकदा बाहुली घेऊन जाते.

या एप्रिलला गेले तेव्हा माझ्या चुलतभावाने त्याच्या शेततळ्याच्या कुंपणाला एक पत्र्याची पेटी टांगलेली होती. कुलूप नाही. आत ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, हातभर अंतरावर गाठी मारलेला नायलॉनचा दोर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो झडपेचा मास्क. झाकणावर लाल रंगात १०८. मी विचारलं, "दोर चोरीला गेला तर?" तो म्हणाला, "गेला तर दुसरा बांधीन. त्या पलीकडच्या दोघांनाही सांगितलंय, त्यांच्या पेट्या परवा येताहेत."